दशावतार (मेटल अल्बम)

मुंबईच्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल बँडचा इंग्रजी गीतांचा अल्बम. प्रकाशन मार्च 2017. प्रकाशक डिमनस्टीलर रेकॉर्ड्स. गीते दहा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या एकेका अवतारावर एकेक. कोकण व गोव्यातील दशावतारी नाटकाशी अल्बमचा थेट संबंध नाही.

बँड : स्थापना 2000, मुंबई. संस्थापक, गायक व गिटारवादक साहिल मखिजा ‘डिमनस्टीलर’ या टोपणनावाने ओळखले जातात. प्रकाशन कंपनीही त्यांचीच. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (2005), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (2010) व ‘द डीमन किंग’ (2014) हे आधीचे प्रमुख अल्बम. 2010 मध्ये ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या गोल्डन गॉड्स पुरस्कारांत जागतिक मेटलचा मान बँडला मिळाला. 2014 मध्ये जर्मनीतील वाकन महोत्सवात वादन. प्रस्तुत अल्बमवर निशिथ हेगडे (गिटार), अश्विन श्रीयान (बेस) व वीरेंद्र कैठ (ड्रम) हे साथीदार आहेत. मखिजा ‘हेडबँगर्स किचन’ हा मेटल आणि स्वयंपाक यांचा जोडकार्यक्रमही करतात. त्यांच्या पाककृती पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्यांचे गाणे ठाऊक नसावे.

संगीत : घशातून काढलेला खर्जातला गुरगुराट (ग्राउल) आणि सुरेल गायन आळीपाळीने येतात. दोन्ही पायांनी दोन पेडल दाबून वाजवलेल्या बेस ड्रमची अखंड धडधड खाली चालू असते. तिच्यावर कीबोर्डचा वाद्यवृंदीय भरणा व गिटारची लांब सुरावट. आधीच्या अल्बमांहून वेगळेपण म्हणजे भारतीय वाद्ये व सुरावटींचा ठळक वापर. युरोपीय फोक मेटलची रीत हीच : मेटलचा सांगाडा ठेवून गावाकडचे वाद्य आणि जुनी कथा त्यात बसवायची. मात्र येथील देशी रंग लोकसंगीतापेक्षा मैफलीच्या संगीताकडे झुकतो. मुंबईत राहून हलगी-संबळाकडे वळावेसे वाटले नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

विषय : अवतारांच्या क्रमात नववे गीत बुद्धावर आहे, शीर्षकात त्याला ‘शिक्षक’ म्हटले आहे. नवव्या स्थानाबाबत परंपरांत एकवाक्यता नाही. काही याद्यांत कृष्णाबरोबर बलराम येतो व बुद्ध गळतो. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त हलधर (बलराम) आणि बुद्ध दोघेही आहेत, कारण तेथे कृष्ण अवतार नसून अवतारी, म्हणजे अवतार घेणारा मूळ देव, आहे. महाराष्ट्रात नवव्या जागी विठ्ठल दाखवण्याचीही चाल होती. विठ्ठल व बुद्ध यांच्या एकरूपतेची संतवाङ्मयातील परंपरा रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात तपासली आहे. याउलट, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्यास स्पष्ट नकार देते. अल्बमने प्रचलित यादी घेतली आहे.

दशावतारी नाटक : नामसाम्यामुळे येथे उल्लेख. कार्तिकानंतरच्या जत्रांत रात्रभर चालणारा हा प्रयोग आडदशावतार या पूर्वरंगाने सुरू होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात आणि वेद पळवणारा काळा संकासुर प्रेक्षकांची टिंगल करीत फिरतो. त्यानंतरचे आख्यान बहुधा पुराणातले. संवाद नट उभ्या उभ्या रचतात. साथ पायपेटी, मृदंग किंवा पखवाज व झांज. दहाही अवतार क्रमाने रंगमंचावर येतात असे मुळीच नाही. त्या अर्थाने मुंबईचा अल्बम नावाला अधिक जागला आहे. हा नाट्यप्रकार श्यामजी नाईक काळे यांनी 1728 च्या सुमारास आणला असे सांगतात, मतभेद आहेत.

स्त्रीस्वर : मुख्य गायन पुरुषाचेच. मेलडीप्रधान मेटलमध्ये स्त्री-गायिका पुढे असण्याची चाल युरोपात रुजली, ती मुख्यतः 1996 साली स्थापन झालेल्या फिनलंडच्या ‘नाइटविश’मुळे. तार्या तुरुनेन ही त्यांची पहिली गायिका. दशावतारी नाटकातही स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले.

भारतीय मेटलची नंतरची वाटचाल : लोकवाद्ये व मेटल यांच्या मिश्रणाला भारतात मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ या बँडला. ढोल व बासरी वापरणारा त्यांचा ‘रक्षक’ हा अल्बम 2022 चा. त्यातील गायन हिंदी, पंजाबी व इंग्रजीत आहे.