आज कुछ उतरा क्या?

२००२ च्या मार्चमध्ये मिरजेत आमच्या घरी एक रिवाजच पडला होता. इशाची नमाज पढून अब्बा परतले की दारातूनच विचारायचे, "आज कुछ उतरा क्या?" उतरा म्हणजे ईमेलने आलं का. गुजरातची दृश्यं टीव्हीवर दिवसभर दिसत होती. पण अब्बांना हवं होतं ते लिहिलेलं. कुठलं गाव, कोणती तारीख, कोण काय म्हणालं.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली नोव्हेंबर १९९८ मध्ये. आमच्यापर्यंत ते पोचलं तेव्हा फोनच्याच तारेतून यायचं. मोडेम किरकिरत जोडला जाई, तेवढा वेळ घरचा फोन बंद. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनचं बिल वेगळं. ऑनलाइन बसून वाचणं ही चैन होती.

म्हणून पत्रं उतरवून घ्यायची आणि फोन ठेवून वाचायची. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये तशी सोयच होती. टपाल आणून-पाठवून झालं की प्रोग्रॅम आपोआप लाइन तोडायचा. ५६ केबीपीएसचा मोडेम चांगल्या लाइनवर सेकंदाला चारेक किलोबाइट आणायचा. साठ किलोबाइटचं पत्र पंधरा सेकंदांत उतरायचं आणि वाचायला तास लागायचा. उत्तर लिहिलं तर तेही आउटबॉक्समध्ये दुसऱ्या रात्रीपर्यंत पडून राही. रागाच्या भरात लिहिलेली माझी निम्मी उत्तरं सकाळी मीच खोडली.

त्या काळात हर्ष कपूर चालवत असलेल्या 'साउथ एशिया सिटिझन्स वायर'ची मी सर्वाधिक वाट पाहायचो. चित्र नाही, रंग नाही. वर अनुक्रमणिका, खाली आकडे टाकलेले लेख. मुंबईहून असगर अली इंजिनिअर यांचं 'सेक्युलर पर्स्पेक्टिव्ह' हे पाक्षिक निघायचं, त्यातले लेखही ईमेलने फिरत. दंगल झालेल्या गावी स्वतः जाऊन चौकशी करायची त्यांची जुनी पद्धत, त्यामुळे अब्बांचा त्यांच्यावर भरवसा होता. बोहरा धर्मगुरूंशी त्यांनी घेतलेलं वैर मात्र अब्बांना पटायचं नाही. तेवढ्यावरून आमचा वाद व्हायचा आणि पुढचा लेख राहून जायचा.

ही सगळी पत्रं इंग्रजीत. अब्बांना उर्दू आणि मराठी येई, इंग्रजी नाही. मी स्क्रीनवर बघत एकेक परिच्छेद आमच्या बोलीत सांगायचो. माझ्या इनबॉक्समध्ये या विषयावर मराठीत एकही पत्र यायचं नाही. कुणी मराठीत काही पाठवलंच, तर तोच फाँट आपल्याकडे नसेल तर पडद्यावर नुसत्या खुणा उमटायच्या. युनिकोड अजून रुळायचा होता. पण सगळा दोष फाँटवर टाकणं मला पटत नाही. आम्हा मराठी लिहिणाऱ्या मुसलमानांपैकी किती जणांनी तेव्हा कागदावर तरी लिहिलं? मीही लिहिलं नाही.

पत्रं मी फ्लॉपीत साठवत होतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत अशी वीसेक मावायची. तीन-चार पावसाळ्यांत त्यांना बुरशी धरली. पुढे मूळ कॉम्प्युटर भंगारात गेला, तेव्हा त्यातली प्रत काढून ठेवण्याचं मला सुचलं नाही.

उरलं ते अब्बांच्या हट्टामुळे. काही पत्रं त्यांनी माझ्याकडून डॉट मॅट्रिक्सवर छापून घेतली होती. वाचता येत नसताना कागद कशाला, असं मी विचारलं होतं, आणि ते काही बोलले नव्हते. कडेला भोकं असलेली ती लांबलचक पानं त्यांच्या ट्रंकेत जानमाजखाली सापडली. शाई फिकी झाली आहे. समासात पेन्सिलने, उर्दूत, मी वाचून दाखवलेल्या गावांची नावं त्यांनी ऐकली तशी लिहून ठेवली आहेत. काहींपुढे आकडा आहे. दोन नावांपुढे प्रश्नचिन्ह.