पेट्यूनिया : उष्ण प्रदेशातील लागवडीचा इतिहास

वांगे, मिरची, टोमॅटो व तंबाखू ह्यांच्या सोलॅनेसी कुलातील शोभेच्या लहान ओषधींची प्रजाती. मूलस्थान दक्षिण अमेरिका असून ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वाय व अर्जेंटिना येथे ती रानटी अवस्थेत आढळते. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील तंबाखूच्या ‘पेटुन’ ह्या नावावरून झ्यूस्यू ह्या फ्रेंच वनस्पतिविज्ञांनी १८०३ मध्ये प्रजातीचे नाव ठेवले. खोड व पाने चिकट, लवदार. फुले नसराळ्यासारखी व बोंडातील बी अतिशय बारीक असते.

बागेतील पेट्यूनिया मात्र निसर्गात कोठेही उगवत नाही. तो दोन रानटी जातींचा संकर आहे. पेट्यूनिया ॲक्झिलॅरिस ह्या जातीची फुले पांढरी, सायंकाळी सुवासिक व पतंगांकडून परागण होणारी, तर पे. इंटेग्रिफोलिया हिची जांभळी व मधमाश्यांना आकर्षिणारी असतात. दुसरीचे नमुने जेम्स ट्वीडी ह्या स्कॉटिश संग्राहकाने ग्लासगोच्या वनस्पतिउद्यानाकडे पाठविले व तेथे १८३१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्रिटनमधील बागाइतदारांनी दोहोंचे संकर घडविले. पेट्यूनियाच्या रानटी जातींच्या जीनसमूहांचे वाचन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बागेतील पेट्यूनियात पांढऱ्या जातीचा वाटा फार मोठा असल्याचे स्पष्ट झाले.

एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेतील सारा प्रयत्न फूल मोठे, झालरीचे व दुहेरी करण्याकडे होता. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जपानमधील साकाता कंपनीने सर्व रोपांना दुहेरी फुले देणारे बी बाजारात आणले. पहिल्या पिढीच्या संकरज प्रकारांनी १९५० नंतर बाजार काबीज केला. ‘कोमँची’ हा लहान लाल फुलांचा प्रकार १९५३ मध्ये अमेरिकेत पुरस्कृत झाला. ह्या प्रगतीची किंमत उशिरा ध्यानात आली. दहा सेंमी. व्यासाचे फूल एका सरीत फाटते व चिखलाने माखून सडते. कडक उन्हात ते दुपारीच मान टाकते. लहान, पण विपुल फुलांचे (मल्टिफ्लोरा) प्रकार ऊन व पाऊस दोन्ही त्यामानाने अधिक सोसतात. प्रदर्शनातील बक्षिसे मात्र बहुधा मोठ्या फुलाकडेच गेली.

भारतात पेट्यूनिया आला तो ब्रिटिश अमदानीतील बंगल्यांच्या व लष्करी छावण्यांच्या बागांतून. येथे बदलावे लागले ते झाड नव्हे, तर पंचांग. इंग्लंडमधील उन्हाळी फुलझाड येथे हिवाळी ठरले : पावसाळा सरताच पेरणी, नाताळाच्या सुमारास फुले व होळीपर्यंत शेवट. फर्मिंजर ह्यांचे बंगाल व उत्तर भारतासाठी लिहिलेले उद्यानविषयक पुस्तक आणि पुणे येथील गणेशखिंड वनस्पतिउद्यानाशी (स्थापना १८७३) संबंधित असलेल्या वुड्रो ह्यांचे भारतीय बागकामावरील पुस्तक ह्यांसारख्या ग्रंथांनी विलायती वर्षायू फुलझाडांचे हे वेळापत्रक रूढ केले. महाराष्ट्रातील रोपवाटिका आजही तेच पाळतात.

उष्णतासहिष्णुतेसाठी प्रजनकांना अखेर रानाकडेच वळावे लागले. जपानमधील सन्टोरी ह्या पेयनिर्मात्या कंपनीने दक्षिण अमेरिकेतील रानटी वाणांपासून जमिनीवर पसरणारा ‘सर्फिनिया’ गट निर्माण करून १९८९ मध्ये विक्रीस आणला. त्याची वाढ छाटकलमांनी होते. किरिन ह्या मद्यनिर्मात्या कंपनीने बियांपासून वाढणारा ‘पर्पल वेव्ह’ काढला व १९९५ मध्ये तो अमेरिकेत पुरस्कृत झाला. ह्या प्रकारांची पसरट वाढ जमीन झाकते, त्यामुळे मुळांजवळची माती थंड राहते. शिवाय फांद्या वरचेवर फुटत असल्याने कोमेजलेल्या फुलांची जागा लवकर भरून निघते. तथापि ‘उष्णतासहिष्णु’ ही संज्ञा समशीतोष्ण देशांतील उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून रूढ झालेली आहे. बियांच्या पाकिटावर ती वाचून विदर्भात वैशाखातील फुलांची आशा धरणे व्यर्थ होय.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. डोंगरी बुद्रुक व चिखला येथील मँगॅनीजच्या खाणींमुळे हा परिसर प्रसिद्ध आहे. मे महिन्यात काही दिवशी येथील तापमान ४५° से.च्या आसपास जाते आणि जिल्ह्यात पडणारा सु. १,३०० मिमी. पाऊस बव्हंशी जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. ऊन व पाऊस ह्या दोन टोकांमध्ये पेट्यूनियास खरा अवकाश ऑक्टोबर ते मार्च एवढाच मिळतो. उष्णतासहिष्णु प्रकार लावल्याने हा काळ मार्चअखेरपर्यंत किंवा अर्ध्या एप्रिलपर्यंत लांबतो, हाच त्यांचा येथील लाभ. अंगणातल्या चार कुंड्यांसाठी तो थोडका नव्हे. त्यापुढे सदाफुली व चिनी गुलाब ह्यांवरच भिस्त ठेवावी लागते. ही दोन्हीही परदेशीच, परंतु येथील उन्हाशी त्यांचे केव्हाच जुळले आहे.

एका ग्रॅममध्ये सु. १०,००० बिया भरतात. त्या बारीक वाळूत मिसळून सप्टेंबरअखेर उथळ कुंडीत पसरतात. रुजण्यास प्रकाश लागत असल्याने वर माती घालत नाहीत व झारीऐवजी कुंडी पाण्यात ठेवून खालून ओल देतात. चार-सहा पाने आल्यावर रोपे निचऱ्याच्या जमिनीत लावतात. चुनखडीयुक्त काळ्या मातीत पाने पिवळी पडतात, म्हणून तीत शेणखत व वाळू मिसळतात. फेब्रुवारीत फांद्या एक-तृतीयांश छाटल्यास नवा बहर येतो. मार्चपासून कुंड्या पूर्वेकडील पडवीत, सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा ठेवतात आणि पाणी पहाटे, फुलांवर न पडता बुंध्याशी घालतात.

संकरज झाडांचे बी घरी धरल्यास पुढच्या वर्षी मूळ रंग मिळत नाही. कळी उमलण्यापूर्वी चिमट्याने केसरदले काढून दुसऱ्या झाडाचे पराग हाताने लावल्याशिवाय असे बी तयार होत नाही, त्यामुळे ते महाग पडते व दरवर्षी विकत घ्यावे लागते. वाफ्यात आपोआप पडलेल्या बियांपासून दोन-तीन पिढ्यांत फिकट जांभळी व पांढरी, लहान, काहीशी सुवासिक फुले येऊ लागतात. बाग बिघडली असे समजून ही रोपे सहसा उपटली जातात; परंतु ती आपल्या रानटी पूर्वजांकडे परतलेली असून मोठ्या फुलांच्या विकतच्या रोपांपेक्षा उन्हात बहुधा अधिक दिवस तग धरतात.