ठाण्याची लोकरी गिरणी आणि आपण

लोकर म्हटली की आपल्याला आधी धनगराचे घोंगडे आठवते. दख्खनी मेंढीची लोकर राठ; तिचे घोंगडे टिकाऊ होते, पण सुटाच्या तलम कापडाला परदेशी मेरिनो लोकरच लागते. या दोन टोकांमधला प्रवास ठाण्याच्या एका गिरणीने केला.

१९२५ साली तेथे रेमंड लोकरी गिरणी उभी राहिली. आरंभी तिच्यात स्वस्त, जाडीभरडी ब्लँकेटे निघत. १९४४ मध्ये लाला कैलाशपत सिंघानिया यांनी ती हाती घेतली आणि पुढे लग्नाचा सूट म्हणजे रेमंडचा, असे समीकरणच झाले. पोखरण रस्त्यालगत जेकेग्राम वसले, शाळा निघाली. कालांतराने जळगाव, छिंदवाडा आणि २००६ मध्ये आपल्या शेजारी वापीला नवे कारखाने सुरू झाले. ठाण्यात मात्र जमीन कापडापेक्षा महाग झाली. २००९ च्या अखेरीस तेथील माग थांबले. २०१९ पासून त्याच आवारात निवासी इमारतींचे बांधकाम सुरू झाले.

करसवलतींमुळे सिल्वासात कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे. सुताच्या या कारखान्यांनाही कधीतरी ठाण्याचीच वाट धरावी लागेल. इमारती गेल्या की पाळ्या, भोंगे, डबे यांच्या आठवणीही जातात. म्हणून यंदा आरतीनंतर ज्येष्ठांना त्यांच्या पहिल्या पाळीची हकिकत विचारू या, लिहून ठेवू या. जुने ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, छायाचित्र रद्दीत घालू नये. आपला इतिहास तोच आहे.