सुकडीची गोष्ट : बहात्तरचा दुष्काळ ते आपली सोसायटी

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. जागा कशी घेतली, पाण्याची टाकी कधी बांधली, लिफ्ट कधी आली हा इतिहास समितीने लिहिलाच आहे. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, म्हणून मलाही काहीतरी लिहा असा आग्रह झाला. मी एका खाऊचा इतिहास लिहिते आहे. या खाऊचं नाव सुकडी.

निमित्त झालं ते मागच्या वर्षीच्या आरोग्य शिबिराचं. क्लब हाऊसमध्ये सगळ्यांची शुगर तपासली. रिपोर्ट हातात आल्यावर एकेकाचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्याच संध्याकाळी बी विंगमधल्या वहिनी म्हणाल्या, "चहाबरोबरची बिस्किटं आणि फरसाण बंद करायचं तर खायचं काय?" मी सहज म्हणाले, "सुकडी खाऊ." साठीच्या पुढचे सगळे हसले आणि तरुण मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. सुकडी म्हणजे काय, हे त्यांना माहीतच नव्हतं.

त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते.

आपला बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि एकाच तालुक्याचे दोन तालुके झाले. कालव्याखाली ऊस आणि गूळ आला. कालव्याच्या वर, म्हणजे सुपे, मोरगाव, कऱ्हाटी या जिरायती पट्ट्यात, बाजरी, हुलगे, मटकी एवढंच राहिलं. पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. पन्नास-साठच्या दशकांत माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने निघाले. तरीही जिरायती गावात साखर ही पाहुण्यांसाठी डब्यात तळाशी ठेवायची वस्तू होती. पोरांना गोड म्हणजे भाकरीवर गुळाचा खडा, तोही सणावारी.

मग १९७२ आलं. त्याआधीची दोन वर्षंही महाराष्ट्रात बऱ्याच भागांत ओढीचीच गेली होती, पण बहात्तरला पाऊस आलाच नाही म्हणा ना. विहिरी आटल्या. जनावरं मिळेल त्या किमतीला गेली. शासनाने दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यभरात या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच अनुभवातून बळ मिळालं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आपल्या बारामतीत तर त्याच्या थोडं आधीच 'कासा' या संस्थेच्या मदतीने, धान्य आणि तेलाच्या मोबदल्यात पाझर तलाव खोदायला सुरुवात झाली होती. त्याच कामातून १९७१ मध्ये इथला कृषी विकास प्रतिष्ठान ट्रस्ट उभा राहिला.

रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापता थापता फाटायची आणि घशाखाली उतरायची नाही. या सगळ्यात पोरांना आवडलेली एकच गोष्ट होती, ती सुकडी. कामावर ती मापाने वाटली जायची. तपकिरी, कोरडी, भरभरीत, भाजल्या पिठाच्या वासाची आणि गोड. उपाशी माणसाला थोडक्या घासात जास्त ताकद मिळावी, हा तिच्यामागचा हिशोब. म्हणजे आजच्या भाषेत सुकडी हेच त्या वेळचं 'हेल्दी फूड' होतं! कुपोषणावरचं औषध, पण आम्हाला तो खाऊ वाटला. मी तेव्हा सात वर्षांची होते. आई पाझर तलावावर जायची. संध्याकाळी ती लांबून दिसली की आम्ही चौघं भावंडं धावायचो, कारण तिच्या पदराच्या गाठीत सुकडी असायची.

दुष्काळ सरला, पण सुकडीने घर सोडलं नाही. पुढे बालवाडी-अंगणवाडीतून ती वाटली गेली आणि घराघरांत बायका आपापल्या परीने ती करू लागल्या. परिस्थिती सुधारली तशी सुकडीही बदलली. बाजरी-ज्वारी जाऊन गव्हाचं पीठ आलं. गूळ गेला, साखर आली. कोरडी भाजण्याऐवजी डालड्यात भाजायला लागलो. १९८० नंतर उजनीचं पाणी इंदापूरच्या शिवारात फिरलं, ऊस आणखी वाढला. दिवाळीला कारखान्याची सभासदांची साखर स्वस्तात घरी यायची, मग कोण हात आखडता घेणार? माझ्या मुलांनी खाल्लेली सुकडी म्हणजे किलोभर पिठाला अर्धा किलो साखर आणि पाव किलो डालडा. नाव तेच, पण आतली वस्तू पार वेगळी. आणि खाणाराही वेगळा. त्याचा बाप तलावावर माती उपसत नव्हता, ऑफिसात खुर्चीवर बसत होता.

पुढचं चित्र आपण शिबिरात पाहिलं. हे फक्त आपल्याच सोसायटीचं दुखणं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. भुकेसाठी काढलेलं औषध पोट भरल्यावरही चालूच ठेवलं, तर दुसरं काय होणार?

तर आम्ही पाच-सहा जणींनी सुकडी पुन्हा करायचं ठरवलं. पहिल्या खेपेला गूळ अजिबात घातला नाही. मंडळींनी तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. दुसऱ्या खेपेला साखरेऐवजी तेवढाच गूळ घातला आणि 'गुळाची आहे, चालते' म्हणत सगळ्यांनी डबा संपवला. हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. गुळात थोडं लोह वगैरे असतं हे खरं, पण रक्तातली साखर वाढवायला गूळ साखरेपेक्षा फारसा मागे नाही. तिसऱ्या खेपेला बाजरीचं दळून आणलेलं पीठ वापरलं, ते चार दिवसांत कडू झालं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचं पीठ टिकत नाही. आपल्या आज्या बाजरी लागेल तशीच दळायच्या, त्याचं कारण हेच.

चौथ्या खेपेला जमलं. अर्धा किलो बाजरी धुऊन, वाळवून, मंद आचेवर खमंग भाजायची आणि मग दळायची. पाव किलो फुटाण्याचं डाळवं, पाव किलो भाजलेले शेंगदाणे, पन्नास ग्रॅम तीळ, शंभर ग्रॅम किसलेला गूळ, थोडी वेलची, सुंठ आणि चिमूटभर मीठ. शेंगदाणे-तीळ जाडसर कुटायचे, त्यांचं तेल सुटतं आणि वरून तूप लागत नाही. सगळं एकत्र कालवायचं. तीस ग्रॅमच्या छोट्या वाटीत तीन ग्रॅमपेक्षाही कमी गूळ येतो, म्हणजे चहाच्या एका चमचाभर साखरेहूनही कमी. पण बाजरी आणि डाळवं यांचीही शेवटी शरीरात साखर होतेच, तेव्हा ज्यांना शुगर आहे त्यांनी एक वाटी आणि तीही डॉक्टरांना विचारून.

चव मात्र जुळली की नाही, कळेना. बहात्तरची सुकडी आम्ही पोरवयात खाल्लेली, आठवणीवर किती विसंबणार? मग मी आईला विचारायचं ठरवलं. आई आता ब्याऐंशीची आहे, माझ्याकडेच असते, तिलाही दहा वर्षं शुगर आहे. वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "आई, खाऊन सांग, तलावावरच्या सुकडीसारखी लागती का?"

ती वाटीकडे बघत राहिली. म्हणाली, "मला गं काय ठावं? मी कुठं खाल्ली व्हती?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "कामावर मानशी एक माप मिळायचं. म्या खाल्लं आसतं, तर तुमाला काय आणलं आसतं?"

पन्नास वर्षं मी समजत होते की आईला जास्तीची मिळायची, तीच ती घरी आणायची. दिवसभर माती वाहणाऱ्या बाईच्या वाट्याचं माप आम्ही चौघं पोरं वाटून खात होतो. ज्या चवीला आम्ही बालपणाचा गोडवा म्हणतो, तो तिच्या उपासाचा होता. मी वर्गात बहात्तरचा दुष्काळ तीस वर्षं शिकवला, त्यात हे कुठे आलं नव्हतं.

आईने त्या दिवशी वाटी सावकाश संपवली. मी आणखी थोडी घालायला गेले तर हात आडवा केला. "बास. एक माप." मग जराशा वेळाने म्हणाली, "ग्वाड हाय की. आनी तुमी त्यात डालडा कशाला वतत व्हता?"

माझ्या मते सुकडीची सगळ्यात आरोग्यदायी गोष्ट बाजरी नाही आणि गूळही नाही. ती आहे माप. आम्ही साहित्य सुधारलं, पण माप आईनेच परत आणलं. बहात्तरला ते नाइलाजाने आलं होतं, ते दिवस कुणाच्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत. आज सगळं भरपूर असताना आपण ते आपल्या मर्जीने घ्यायचं आहे.

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी चहाच्या टेबलावर बिस्किटांऐवजी सुकडीचं पातेलं असेल. शेजारी एक छोटी वाटी ठेवलेली असेल. प्रत्येकाला एक माप. आणि कृपा करून, घरात जी बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तिची वाटी आधी भरा.