घाशीराम कोतवाल
विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे संगीत-नृत्यप्रधान मराठी नाटक. नाना फडणिसांच्या कारभारात पुण्याचा कोतवाल असलेला घाशीराम सावळदास कोठडीत कोंडलेल्या तैलंगी ब्राह्मणांच्या मृत्यूमुळे उसळलेल्या लोकक्षोभात १७९१ मध्ये मारला गेला. या घटनेवरील नाटक जब्बार पटेल (दिग्दर्शन), भास्कर चंदावरकर (संगीत) व कृष्णदेव मुळगुंद (नृत्य) यांनी पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आणले. कीर्तन, लावणी इ. प्रकारांचा मेळ व ब्राह्मणांची मानवी भिंत ही त्याची वैशिष्ट्ये. नानांच्या चित्रणावरील आक्षेपांमुळे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने प्रयोग थांबविले. तेव्हा कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी स्थापून १९७४ मध्ये ते पुन्हा सुरू केले. सत्ता हस्तक घडविते आणि गरज सरताच त्याचा बळी देते, हे त्याचे आशयसूत्र. म्हणूनच तेंडुलकरांनी ते ऐतिहासिक नाटक मानले नाही.