गाळ कुणाचा?
नागपूरला बर्फ पडत नाही. त्यामुळे सकाळी उठून फावड्यानं आपलंच दार मोकळं करायची पाळी आम्हां नागपूरकरांवर येईलसं कुणाला वाटलं नव्हतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ती आली. चार तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस कोसळला, 1870 सालचा अंबाझरी तलाव सांडव्यावरून उसळला आणि नाग नदी न विचारता घराघरांत शिरली. शहराला जिनं नाव दिलं, तिला आम्ही बिनदिक्कत ‘नाला’ म्हणत होतो! काहींचे तर जीवच गेले.

पाणी ओसरलं, गाळ राहिला. मग खराटे, घमेली, फावडी निघाली. एकाच्या दिवाणखान्यातला गाळ दुसऱ्याच्या फाटकाशी!

‘‘काऊन जी, हा गाळ तुमचा ना?’’

‘‘छे हो, तलावाचा!’’

सरकारनं कुटुंबामागे 10,000 रुपये जाहीर केले. पण भिजून हत्तीएवढा जड झालेला सोफा उचलायला दुसऱ्या टोकाला शेजारीच लागतो. तो आला, भांडत आला, पण आला. घरं अशी मोकळी झाली. नदीची वाट मोकळी करणं मात्र घमेल्याचं काम नव्हे.