धरणाची राखण

धरण बांधून पुरें झालें म्हणजे काम संपलें, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वास्तविक धरणाची खरी कसोटी त्या दिवसापासून सुरू होते. भिंतीमागें सांठलेलें पाणी अहोरात्र तिला रेटा देत असतें. राखणदाराचा डोळा लागला म्हणून पाणी कांहीं झोपीं जात नाहीं. या सत्याची कडू प्रचीति पुणें शहरास १९६१ सालीं आली.

पेशवाईंत नानासाहेबांच्या काळीं कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी नळानें शहरांतील हौदांत आणलें गेलें. पुढें इंग्रज अमदानींत वस्ती वाढली, लष्करी छावणी वसली, शेतीलाही पाणी हवेंसें झालें. तेव्हां मुठा नदीवर खडकवासला येथें १८६९ सालीं दगडी धरणाचें काम सुरू होऊन सुमारें दहा वर्षांनीं तें तडीस गेलें. फाइफ नांवाच्या लष्करी इंजिनियराच्या स्मरणार्थ त्या जलाशयास ‘लेक फाइफ’ म्हणत. त्या भिंतीनें ऐंशींहून अधिक पावसाळे अंगावर घेतले.

स्वातंत्र्यानंतर पाण्याची मागणी आणखी वाढली, म्हणून खडकवासल्याच्या वरच्या अंगास, आंबी नदीवर, पानशेत येथें मातीचें धरण हातीं घेण्यांत आलें. मातीच्या धरणाचा स्वभाव निराळा. दगडी भिंतीच्या माथ्यावरून थोडा वेळ पाणी वाहिलें तरी ती बहुधा तग धरते; मातीच्या बांधावरून मात्र पाणी वाहूं लागलें कीं तें बांधच खणीत जातें. म्हणून जादा पाणी वाहून नेणारा सांडवा, तळाची मोरी आणि तिचे दरवाजे यांवर अशा धरणाचें सारें आयुष्य अवलंबून असतें.

पानशेतला बांध उंच झाला, परंतु मोरीचें व दरवाज्यांचें काम अपुरें राहिलें. आणि त्याच स्थितींत १९६१ चा पावसाळा आला. जुलैंत पावसानें कहर केला. अर्धवट मोरींतून पाणी बेफाम वेगानें धांवूं लागलें, मोरीस इजा पोंचली आणि तिच्यावरचा बांध खचूं लागला. लष्करी जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून बांधाचा माथा उंच राखण्याची शिकस्त केली. परंतु १२ जुलैच्या सकाळीं बांध फुटला. तो सारा लोंढा खालच्या खडकवासल्यावर येऊन आदळला आणि त्याच दिवशीं त्या वृद्ध भिंतीलाही खिंडार पडलें. तिचा स्वतःचा अपराध कांहीं नव्हता. वरच्या शेजाऱ्याच्या उणिवेचें प्रायश्चित्त तिला भोगावें लागलें.

नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, माणसें दगावलीं, हजारों कुटुंबें उघड्यावर पडलीं. दैवाचा विपर्यास असा कीं, पुरानें बुडालेल्या त्याच शहराचे नळ कोरडे पडले. कारण ज्या जलाशयांतून त्यांना पाणी मिळे, तोच रिता झाला होता.

पुढें खडकवासल्याची भिंत दुरुस्त झाली आणि पानशेतही नव्यानें उभें राहिलें. तथापि राखणीचा प्रश्न संपला नाहीं. पुण्यास पाणी पुरवणाऱ्या टेमघर धरणाच्या भिंतींतून मोठ्या प्रमाणावर गळती होऊं लागल्यामुळें अलीकडे तिच्या अंतर्भागांत सिमेंटाचें मिश्रण दाबानें भरण्याची मोहीम काढावी लागली. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानें तर पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर धरणांची तपासणी बंधनकारक केली आहे.

ही तपासणी दिसावयास क्षुल्लक असते. झिरपणारें पाणी रोज मोजणें, तें गढूळ झाल्यास तात्काळ कळविणें, बांधावर उगवलेलीं झाडें मुळें खोल जाण्यापूर्वीं काढणें, घुशींचीं बिळें बुजविणें, दरवाजे पावसाळ्याआधीं उघडझांप करून पाहणें, एवढेंच तिचें स्वरूप. या कामांचा उद्घाटन-समारंभ होत नाहीं, म्हणूनच अंदाजपत्रकांत काटछांट करावयाची वेळ आली कीं पहिली कात्री त्यांवर चालते. परंतु ज्या शहरानें एकाच दिवशीं महापूर आणि पाणीटंचाई हीं दोन्ही संकटें पाहिलीं, त्यानें तरी ही काटकसर किती महाग पडते, याचा विसर पडूं देऊं नये.